'दज्जाल' की 'अमीर'? इब्न इसहाकचं करायचं काय?

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली. साक्षीदार बोलणार, वकील खेकसणार, साहेब सांगणार आणि आपण उतरवणार. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि गेल्या दिवाळीपासून मदिनेच्या एका माणसापाशी अडकून बसलोय. मुहम्मद बिन इसहाक, म्हणजेच इब्न इसहाक. पैगंबर मुहम्मदांचं जे सर्वांत जुनं सलग चरित्र आज हाती लागतं, ते याचं. जन्म इ.स. ७०४च्या सुमारास मदिनेत, मृत्यू ७६७-६८ मध्ये बगदादला. (त्याला एकेरीत लिहितोय, त्यात अनादर नाही. ज्ञानेश्वरालाही आपण 'ज्ञाना' म्हणतोच.)

घराण्यापासूनच गोष्ट सुरू होते. आजोबा यसार ६३३ साली इराकमधल्या ऐन-अत-तम्रला खालिद बिन वलीदच्या फौजेच्या हाती लागले आणि गुलाम म्हणून मदिनेला आले. इस्लाम स्वीकारल्यावर मालकानं मोकळं केलं. त्याच गावच्या बंदिवानांमध्ये आणखी दोन बाप होते. एकाचा मुलगा स्वप्नांच्या अर्थासाठी प्रसिद्ध झालेला इब्न सिरीन, दुसऱ्याचा स्पेन जिंकणारा मूसा बिन नुसैर. यसारची मुलंही जुन्या हकिकती गोळा करून सांगणारी निघाली आणि नातवानं तर त्यावरच आयुष्य घातलं.

मदिनेत त्याला इब्न शिहाब जुहरीसारखा गुरू मिळाला. हा पोरगा गावात आहे तोवर मदिनेतली विद्या आटणार नाही, असं जुहरी म्हणाल्याची नोंद आहे. पुढे ७३७च्या सुमारास हा इजिप्तला जाऊन यझीद बिन अबी हबीबकडे शिकून आला. आणि परतल्यावर गावातल्या दोन बड्या लोकांशी त्याचं बिनसलं.

एक मालिक बिन अनस. ज्यांच्या नावानं मालिकी मजहब (इस्लामी कायद्याचा पंथ) चालतो, ते. इब्न इसहाक म्हणाला, "मालिकची विद्या आणा माझ्यापुढे, मी तिचा बैतार आहे." बैतार म्हणजे घोड्यागुरांचा वैद्य, आपल्याकडचा जुना सलोतरी. मालिकच्या कानावर गेलं. मालिक म्हणाले, "दज्जालांपैकीच एक दज्जाल आहे तो." दज्जाल म्हणजे कयामतीआधी येणारा महाठक.

दुसरा हिशाम बिन उर्वा. याचा राग घरगुती. इब्न इसहाकनं हिशामची बायको फातिमा बिन्त मुंझिर हिच्या तोंडची एक रिवायत (तोंडी आलेली हकिकत) सांगितली. हिशाम भडकला, की माझ्या बायकोला यानं पाहिलं कधी?

आता माझी अडचण. त्याच माणसाला हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचा, मोठा जाणकार शुअबा 'हदीसमधला अमीर-उल-मोमिनीन' (श्रद्धावंतांचा सरदार) म्हणतो. एकाचा दज्जाल, दुसऱ्याचा अमीर. कोर्टात असा साक्षीदार आला असता तर साहेबांनी दोन्ही वकिलांना चेंबरमध्ये बोलावलं असतं. तुमचं काय मत?

---

तिरफळ | सोमवार, रात्री ११:१०

वाचतेय. पुढचं लवकर लिहा. आणि बायकोला पाहिलं कधी, याचं पुढे काय झालं ते आधी.

---

वऱ्हाडी_वांगं | सोमवार, रात्री ११:३२

आमच्याकडं त्याले ढोरडाक्टर म्हन्तेत. म्हंजे हा भाऊ काय बोलला, का मालिकची विद्या आजारी बैल हाय, आन् म्या तपासतो. मंग मालिक पेटनारच ना राजेहो!

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:०५

वांगेभाऊ, अगदी तेच.

तिरफळताई, पडद्याची गोष्ट मजेदार आहे. नंतरच्यांनी हिशामचा जबाब चांगलाच तपासला. हदीसचे मोठे इमाम अहमद बिन हंबल म्हणाले, यात नाकारण्यासारखं काय आहे? तो दारात आला असेल, तिनं परवानगी दिली असेल, नवऱ्याला कळलंही नसेल. इतरांनी दाखला दिला की पैगंबरांच्या पत्नी आयेशांकडूनही लोक पडद्याआडूनच ऐकत. हिशामचं म्हणणं होतं, की नऊ वर्षांची असताना ती माझ्या घरी आली आणि मरेपर्यंत परपुरुषानं तिला पाहिलं नाही. त्यावर पाचशे-सहाशे वर्षांनी इतिहासकार दहबीनं वयाचं गणित मांडलं. बाई नवऱ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी होती! ती नऊ वर्षांची असताना नवरदेवाचा जन्मच झालेला नव्हता. उलटतपासणीत साक्षीदार असाच पडतो.

एक चहाटळ गोष्टही आहे, दहाव्या शतकातल्या इब्न नदीमच्या ग्रंथसूचीत. मशिदीत मागे बायका बसायच्या, तिथं हा जाऊन बसतो अशी तक्रार झाली. सुभेदारानं बोलावून त्याचे देखणे केस कापले, फटके मारले आणि तिथं बसायला बंदी घातली. इब्न नदीम त्याच्यावर खार खाऊन लिहितो, म्हणून मी यावर फार भार देत नाही. पण केस देखणे होते हे सांगितल्यावाचून त्यालाही राहवलं नाही!

---

खाडीपलीकडचा | मंगळवार, दुपारी १:२०

बोरूकाका, धागा आवडला. मी रायगडकडचा. रबिलावलमध्ये आमच्या मोहल्ल्यात सीरतचे, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राचे, जलसे होतात. लहानपणी बाहेर शिरखुर्म्याच्या वासात बसून मौलानांच्या तोंडून बद्र, उहुद, खंदक या लढायांच्या हकिकती ऐकल्यात. पण 'इब्न इसहाक' हे नाव मला फार नंतर कळलं. कथा घरोघरी आणि कथेकऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, असा प्रकार.

एक भर घालतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. इमाम शाफई तरुणपणी मदिनेला जाऊन मालिकजवळच शिकले. त्याच शाफईंचं वाक्य आहे, की मगाझींमध्ये ज्याला खोल उतरायचंय तो इब्न इसहाकच्या घरचा पोष्य. शब्द 'इयाल' आहे, म्हणजे ज्याचं जेवणखाण दुसऱ्यावर अवलंबून असतं तो. गुरूनं दज्जाल म्हटलं आणि शिष्य म्हणतो, आपण सगळे त्याच्याच ताटात जेवतो. 'मगाझी' म्हणजे स्वाऱ्या-मोहिमांच्या हकिकती, बाकीच्यांसाठी सांगतो.

मालिकनाही मगाझी नको होत्या असं नाही. ते सांगत, मूसा बिन उकबाच्या मगाझी घ्या, तो भरवशाचा आहे. म्हणजे राग विषयावर नव्हता, माणसावर होता.

---

जुनं_पान | मंगळवार, दुपारी ४:०२

अवांतर: 'मवाली' हा आपला शब्द आठवला. मौला म्हणजे मुक्त केलेला गुलाम, एखाद्या अरब टोळीच्या आश्रयानं राहणारा. त्याचं अनेकवचन मवाली. यसार, इसहाक, इब्न इसहाक, सगळे मवाली! 'मौलाना' त्याच घरातला शब्द. एक भाऊ मिंबरवर चढला, दुसरा आमच्या नाक्यावर विडी ओढत बसला.

आणि हे भांडणातही आहे बरं. मालिक स्वतःला यमनच्या अरब कुळातले सांगत. इब्न इसहाक म्हणे, कसले अरब, तुमचं घराणंही मवालीच. त्या काळच्या मदिनेत याहून झोंबणारं बोलणं शोधून सापडणार नाही.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:५०

पानराव, वा! मग हेही घ्या. याह्या बिन मईन म्हणून रावींची, म्हणजे हकिकती पुढे सांगणाऱ्यांची, पारख करणारा एक कडक माणूस. त्याचा शेरा असा: इब्न इसहाक 'सिका' आहे, पण 'हुज्जत' नाही. सिका म्हणजे विश्वासू. हुज्जत म्हणजे एवढ्या एकट्यावर निकाल देता येईल असा पुरावा. मराठीत येईपर्यंत पुराव्याचा वाद झाला आणि आपण भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागलो.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. कोर्टात पाच साक्षीदार असतील तर पाच कागद होतात. पाचांचं ऐकून मी एकच छान जबाब टाइप केला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. इब्न इसहाक बद्रच्या लढाईला नेमकं हेच करतो, आणि सांगून करतो. जुहरी, आसिम बिन उमर, अब्दुल्ला बिन अबी बकर, यझीद बिन रूमान, प्रत्येकानं मला थोडं थोडं सांगितलं, ते जुळवून मी बद्रची हकिकत लिहितोय, असं सुरुवातीलाच म्हणतो. मग एकसंध गोष्ट. अबू सुफियानचा तांडा, मक्केत पोचलेली खबर, बद्रच्या विहिरी, एकेका वीराचं द्वंद्व. वाचताना शिवण दिसत नाही.

अहमद बिन हंबलना हेच खटकलं. तो अनेकांकडून एक हकिकत सांगतो आणि याचं बोलणं त्याच्या बोलण्यापासून वेगळं करत नाही, अशी त्यांची तक्रार. हदीसवाल्याला पाच कागद हवेत, कारण उद्या त्यातल्या एका वाक्यावर कुणाचा वारसाहक्क किंवा तलाक ठरणार आहे. चरित्रकाराला मात्र गोष्ट हवी. पाच कागदांची फाइल वाचून बद्र डोळ्यांपुढे येत नाही हो, मी आयुष्यभर फायली वाचल्यात.

अहमदनी यावर निवाडाही दिला. ते म्हणाले, मगाझीसारख्या गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्याव्यात, पण हलाल-हराम आलं की आम्हाला असे लोक लागतात, आणि हाताची बोटं आवळून मूठ करून दाखवली. रावींनी ती मूठसुद्धा नोंदवून ठेवलीय! 'साक्षीदाराने हाताने खूण केली' असं आम्हीही कंसात लिहायचो. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या लघुलेखकाला माझा नमस्कार.

---

शंकासुर_१२ | मंगळवार, रात्री १०:२५

एवढं कौतुक कशाला? पैगंबर गेले ६३२ला आणि हा गेला ७६७ला. मध्ये एकशे पस्तीस वर्षं. सगळा ऐकीव पुरावा. कोर्टात चालत नाही, हे बोरूबहाद्दरांनाच ठाऊक असेल.

---

खाडीपलीकडचा | मंगळवार, रात्री ११:०१

शंकासुर, यानं शून्यातून सुरुवात केली नव्हती. आधी उर्वा बिन झुबैर होता, आयेशांचा भाचा, ७१२च्या आसपास वारला. खलिफा अब्दुल मलिकला त्यानं जुन्या घटनांबद्दल पत्रं लिहिली आणि ती इतिहासकार तबरीनं उतरवून ठेवलीत. उर्वाचा शिष्य जुहरी, जुहरीचा इब्न इसहाक. मधली माणसं दोन. आणि हिशाम, ज्याच्या बायकोवरून भांडण झालं, तो उर्वाचाच मुलगा! त्यामुळे 'आमच्या घरची विद्या याच्या हातात कशी' हा ठसकाही त्यात असणार, असं आपलं मला वाटतं.

शिवाय तो सगळं छातीठोकपणे सांगत नाही. 'त्यांचा दावा आहे', 'माझ्या कानावर आलं ते असं', 'खरं खोटं अल्लाला ठाऊक' असं म्हणत पुढे जातो. ऐकीव आहे हे तोच सांगतोय.

---

शंकासुर_१२ | मंगळवार, रात्री ११:१४

बरं. पण कवितांचं काय? आदमच्या काळच्या ओव्या छापल्यात म्हणे.

---

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी ६:४०

शंकासुर, इथं तुमचं शंभर टक्के बरोबर. आदमच्या नव्हे, पण आद आणि समूद या केव्हाच नाहीशा झालेल्या जमातींच्या नावावर कविता घातल्यात खऱ्या. नवव्या शतकातला काव्यपारखी इब्न सल्लाम जुमही भयंकर चिडलाय. त्याचा सवाल, या कविता हजारो वर्षं जपल्या कुणी? इब्न इसहाक म्हणे, मला काव्यातलं कळत नाही, लोक आणून देतात, मी पुढे नेतो. इब्न सल्लाम म्हणतो, ही काही सबब झाली नाही. मीही इथं इब्न सल्लामच्या बाजूचा.

मात्र आपल्या हातात जे आहे ते इब्न इसहाकचं मूळ पुस्तक नव्हेच. ते सलग रूपात हरवलं. असं सांगतात, की त्यानं खलिफा मन्सूरच्या दरबारी, राजपुत्र महदीसाठी, आदमपासून आजपर्यंतचा ग्रंथ लिहिला. लांबलचक झाला म्हणून आटोपशीर करायला सांगितलं आणि मोठी प्रत खजिन्यात गेली. त्यानं जिथं जिथं शिकवलं, कूफा, रय, बगदाद, तिथल्या शिष्यांनी आपापल्या प्रती नेल्या. त्यातल्या बक्काई नावाच्या शिष्याकडून ती इब्न हिशामकडे आली. हा बसऱ्याचा, इजिप्तमध्ये राहिलेला, ८३०च्या आसपास वारला. यानं कात्री चालवली.

कात्री चालवल्याचं तो सुरुवातीलाच कबूल करतो. पैगंबरांशी संबंध नाही ते काढलं, कुणाही जाणकाराला माहीत नसलेल्या कविता काढल्या, सांगायला अशोभनीय ते काढलं, काही लोकांना दुखावेल ते काढलं, आणि बक्काईनं ज्याला दुजोरा दिला नाही तेही काढलं. जे ठेवलं त्यात मध्येच 'इब्न हिशाम म्हणतो' करून स्वतःच्या टिपा घातल्या. माझ्याकडे १९५५चं गिलॉमचं इंग्रजी भाषांतर आहे. त्यानं या टिपा उचलून पुस्तकाच्या शेवटी टाकल्यात. त्यामुळे एक बोट मजकुरात आणि एक बोट सहाशे नव्वदाव्या पानाच्या पुढे ठेवून वाचावं लागतं. बायको म्हणते, हार्मोनियम वाजवताय की वाचताय?

---

मोडी_आणि_कडी | बुधवार, सकाळी ११:१५

हे वाचून लीळाचरित्र आठवल्यावाचून राहत नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांना विचारून विचारून जमवल्या, मूळ पोथी हरवली, आणि मग ज्याच्या त्याच्या स्मरणातून पाठ उभे राहिले. 'हिराइसा पाठ' वगैरे. महानुभावांच्या पोथ्या चाळताना मला इब्न हिशाम भेटतोच.

---

जुनं_पान | बुधवार, दुपारी १२:३०

साम्य आहे, पण जपून. म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्यांना विचारलं. इब्न इसहाकला तसा एकही माणूस नीट विचारायला उरला नव्हता. लहानपणी अनस बिन मालिकना काळा फेटा बांधलेलं पाहिलं, एवढंच तो सांगायचा.

---

गोदाकाठ | बुधवार, दुपारी ३:४५

नांदेडहून. आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानाचा यात वाटा आहे, म्हणून नाक खुपसतो. वर जे शेरे येताहेत, सिका, दज्जाल, मूठ, ते बहुतेक सगळे एका जागी सापडतात इब्न हजरच्या रावींच्या कोशात, 'तहझीब अत-तहझीब'मध्ये. बारा खंड. ते छापले हैदराबादच्या दायरतुल मआरिफनं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

दुसरं, इब्न हिशामच्या कात्रीतून न गेलेला एक तुकडाही आहे. यूनुस बिन बुकैर या दुसऱ्या शिष्याच्या पाठाची हस्तलिखित पानं मोरोक्कोत फेजच्या करवीयीन ग्रंथालयात होती. ती संपादून १९७६ साली रबातला छापली मुहम्मद हमीदुल्लाह यांनी. १९०८ साली हैदराबादेत जन्मलेला माणूस. आयुष्य पॅरिसमध्ये काढलं.

---

बोरूबहाद्दर | बुधवार, संध्या. ६:१०

गोदाकाठ, हे दोन्ही मला नवीन. आभार.

तिसरी वाट तबरीची. त्याच्याकडे रयच्या सलमाकडून आलेला पाठ होता, आणि इब्न हिशामात नाही ते काही तिथं सापडतं. एक उदाहरण गिलॉमनं दाखवलंय. बद्रला पैगंबरांचे चुलते अब्बास शत्रूच्या बाजूनं पकडले गेले, हे तबरीत आहे. रात्री बांधलेल्या चुलत्याचं कण्हणं ऐकून पैगंबरांना झोप लागेना. इब्न हिशामच्या पाठात ही रात्रच नाही. कारण ज्यानं त्यानं ओळखावं. तेव्हा गादीवर होते अब्बासी, म्हणजे याच अब्बासांचे वंशज. 'काही लोकांना दुखावेल ते काढलं' यातले काही लोक कोण, ते मला इथं दिसतात.

---

तोफखाना | बुधवार, रात्री ८:३३

गोल गोल काय फिरताय? बनू कुरैझा या मदिनेतल्या यहुदी टोळीच्या कत्तलीवर बोला. तिथं का बोबडी वळते?

---

संपादक | बुधवार, रात्री ८:५०

तोफखाना, प्रश्न विचारा, सूर सांभाळा. या धाग्यावर इब्न इसहाक आणि त्याच्या लेखनावरच चर्चा राहील. भलतीकडे गेलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री ९:४०

बोबडी वळत नाही. इब्न इसहाकच लिहितो, मारलेल्यांचा आकडा सहाशे-सातशे, काही जण आठशे-नऊशे सांगतात. त्यानं लपवलेलं नाही. मालिकसमर्थकांची त्याच्यावर एक तक्रार हीच होती, की यहुद्यांच्या मुसलमान झालेल्या वंशजांकडून तो अशा हकिकती घेतो. १९७६ साली डब्ल्यू. एन. अराफात यांनी तोच धागा धरून ही हकिकत नाकारली. १९८६ साली किस्टर यांनी सविस्तर उत्तर देऊन ती टिकते असं दाखवलं. मला किस्टर जास्त पटतात. हरलेल्यांच्या नातवंडांनाही विचारणं हा लेखकाचा दोष कसा, हे मला कधी कळलेलं नाही.

---

तिरफळ | गुरुवार, सकाळी ९:१५

वाकिदीचं नावही ऐकलंय. तो याच्यापेक्षा बरा की वाईट?

---

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री १०:०५

वाकिदी त्याच्यामागून चाळीसेक वर्षांनी जन्मलेला, मदिनेचाच, पुढे बगदादला काझी. तारखा आणि जागा सांगण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. रणभूमीवर जाऊन पाहून यायचा. पण हदीसवाल्यांत पत इब्न इसहाकहून पुष्कळ खाली. शाफईंनी तर त्याची पुस्तकं खोटी म्हटलीत. गंमत म्हणजे आपल्या मगाझीत तो इतक्या जणांची नावं देतो, पण इब्न इसहाकचं एकदाही नाही. मला तर वास येतो. त्याचा लेखनिक इब्न साद मात्र गुणी, लेखनिक असल्यामुळे मी पक्षपाती आहे हे मान्य.

---

वऱ्हाडी_वांगं | गुरुवार, रात्री १०:२१

थे सारं ठीक हाय, पन मालिक आन् ढोरडाक्टरचं मिटलं का नाई शेवटी?

---

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री १०:४४

मिटलं, असं इब्न हिब्बान सांगतो. इब्न इसहाक गाव सोडून इराकला निघाला तेव्हा दोघांनी समेट केला. निरोप देताना मालिकनी त्याच्या हातावर पन्नास दीनार ठेवले, आणि त्या वर्षीच्या आपल्या पिकातला अर्धा वाटा दिला.

---

वऱ्हाडी_वांगं | गुरुवार, रात्री १०:५२

पीक कायचं?

---

खाडीपलीकडचा | गुरुवार, रात्री १०:५५

मदिना आहे भाऊ. खजूर असणार.